कपड्याला नाव कधी लागले: डिझायनर पोशाखांच्या किमतीमागचा इतिहास

लग्नाचा बस्ता बांधायला घरातली मोठी माणसे दुकानात बसली की पैठणीची पारख कशी होते, हे बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. आत्या किंवा मावशी पदर उलटा करते, मोराच्या पाठीमागे धागे सुटलेले दिसतात का ते पाहते, काठ दोन बोटांत धरून चाचपते आणि मग हातमागाची की यंत्रावरची, यावर बोलणे सुरू होते. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. पदरावर विणकराचे किती दिवस गेले, त्यावर किंमत ठरते. ती परवडो वा न परवडो, कशाची आहे ते समजते. त्याच लग्नासाठी घेतलेला लाखोंचा डिझायनर लेहेंगा मात्र अशा पारखीला पुरता उतरत नाही. कापड, जर आणि मजुरी यांचा हिशेब मांडला तरी किमतीचा मोठा भाग शिल्लक उरतो, आणि त्याचे उत्तर आतल्या बाजूला शिवलेल्या नावाच्या पट्टीत असते. कपड्यावर पैसा उधळणे ही फार जुनी गोष्ट आहे. पण कपड्याच्या किमतीत एका माणसाचे नाव शिरले, ही घटना जेमतेम पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे.

त्याआधी महाग कपड्याचे काम माणसाची पायरी दाखवण्याचे होते आणि ती पायरी पुष्कळदा राजसत्ताच ठरवत असे. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इ. स. ३०१ मध्ये वस्तूंच्या कमाल किमतींचे जे फर्मान काढले, त्यात समुद्री गोगलगाईपासून काढलेल्या जांभळ्या रंगात रंगवलेल्या एक पौंड रेशमाची किंमत दीड लाख दिनार होती. त्याच फर्मानातल्या सोन्याच्या भावाच्या ती दुपटीहून जास्त भरते. इंग्लंडमध्ये १३६३ च्या कायद्याने कोणत्या वर्गाने किती किमतीपर्यंतचे कापड वापरावे हे ठरवून दिले, आणि कारागिरांना चाळीस शिलिंगांवरचा तागा वर्ज्य केला. असे निर्बंध तिथे १६०४ पर्यंत या ना त्या रूपात टिकले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, प्रत्येकाला आपल्या मर्जीने पोशाख करण्याची मोकळीक कायद्याने जाहीर झाली. कायदा गेला, पण आपण कोण आहोत हे अंगावरच्या वस्त्रातून सांगण्याची गरज उरली, आणि ती भागवण्याचे काम पैशाकडे आले.

या मोकळ्या झालेल्या जागेत चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज तरुण आला. लिंकनशायरमधल्या बोर्न गावी १८२५ मध्ये जन्मलेल्या वर्थने लंडनच्या कापडदुकानांत उमेदवारी केली, विशीत पॅरिस गाठले आणि १८५८ मध्ये ऑटो बोबर्ग या भागीदारासह र्यू द ला पे या रस्त्यावर स्वतःची पेढी थाटली. तोपर्यंतची रीत आपल्याकडच्यासारखीच होती: गिऱ्हाईक कापड एका दुकानातून घेई, ते शिवणारीकडे नेई आणि कसे शिवायचे ते स्वतः सांगे. खर्च मुख्यतः कापडाचा. शिवणारी ही मजुरीवर काम करणारी बाई. वर्थने हा क्रम उलटा केला. पोशाख आधी त्याने योजायचा, जिवंत तरुणींच्या अंगावर तो दाखवायचा, गिऱ्हाइकाने त्यातून निवड करायची आणि मग तिच्या मापाने तो शिवून द्यायचा, कापडसुद्धा त्याचेच. चित्रकार चित्रावर सही करतो तसे त्याने पोशाखाच्या आत, कंबरेच्या पट्टीवर, स्वतःचे नाव घातले. बाहेरून न दिसणारी ती पट्टी हीच पुढच्या साऱ्या व्यापाराची गंगोत्री आहे, असे मला वाटते.

पॅरिसमधल्या ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी, प्रिन्सेस पाउलिन मेटर्निख, हिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की वर्थकडून पहिले पोशाख घेताना तिने एका पोशाखाला तीनशे फ्रँकच मिळतील अशी अट घातली होती. त्यातला एक घालून ती फ्रान्सच्या दरबारात गेली, सम्राज्ञी युजेनीची नजर त्यावर पडली, वर्थला राजवाड्यात बोलावणे आले, आणि त्यानंतर तीनशे फ्रँकमध्ये वर्थचा पोशाख पुन्हा कधी मिळाला नाही. पोशाखात काही बदलले नव्हते. तो कोणी घातला आणि कोणी पाहिला, एवढेच बदलले होते. नेमक्या याच सुमारास शिवणयंत्रे आल्यामुळे साधा तयार कपडा स्वस्त होऊ लागला होता. बरा कपडा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यावर वरच्या वर्गाला वेगळेपणासाठी दुसरी खूण हवी झाली, आणि ती वर्थच्या नावाने पुरवली.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेबलेन याने १८९९ मध्ये याची मीमांसा केली. त्याचे म्हणणे असे की संपत्ती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. आणि घर किंवा बँकेतली ठेव कोणी पाहिली नाही तरी अंगावरचा कपडा अनोळखी माणसालाही पहिल्या नजरेत दिसतो. म्हणून लोक पोटाला चिमटा काढतील, पण चारचौघांत कपड्याला कमी पडणार नाहीत. हे निरीक्षण खरे आहे, पण अपुरे आहे, कारण त्यात वरून खाली पाहणाऱ्याचा विचार जास्त आणि खालून वर येणाऱ्याचा कमी आहे.

वर्थची पेढी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५९ मध्ये, दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानाला नाडर जातीच्या स्त्रियांना ऊर झाकण्याची परवानगी देणारा जाहीरनामा काढावा लागला, तोही दीर्घ आणि रक्तलांछित संघर्षानंतर. आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या. स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या कोणता कपडा घालायचा नाही हे सांगितले गेले, त्यातला एखादा तरुण पहिल्या पगारातून परवडणार नाही असा शर्ट घेतो, तेव्हा त्याला उधळ्या म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. कपड्यावरच्या खर्चात मिरवण्याइतकाच मान मिळवण्याचा भाग असतो.

पॅरिसकडे परत येऊ. नावाला बाजारात किती किंमत आली, हे नकलांवरून कळते. पॅरिसचा पोशाखकार पॉल प्वारे १९१३ मध्ये अमेरिकेला गेला, तेव्हा त्याच्या नावाच्या खोट्या पट्ट्या लावलेला माल तिथे सर्रास विकला जात असल्याचे त्याने पाहिले. तिथलीच पोशाखकार मादलेन व्हियोने हिने तर पट्टीवर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवायला सुरुवात केली. नाव कपड्यापासून सुटे करता येते, हे उमगल्यावर ते इतर वस्तूंवरही चढले: प्वारेने १९११ मध्ये अत्तर काढले, कोको शनेलचे ‘नंबर ५’ १९२१ मध्ये आले. जिला पोशाख घेणे शक्य नव्हते, तिला निदान एक कुपी घेता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवहाराला खरी गती आली. क्रिस्तियाँ दिओरचा पहिला संग्रह १२ फेब्रुवारी १९४७ रोजी सादर झाला. त्यातल्या घेरदार झग्यांना इतके कापड लागे की युद्धकाळातल्या टंचाईने पिचलेल्या लोकांपैकी काहींना संताप आला. या पेढीमागचे भांडवल मार्सेल बुसाक या कापड गिरणीमालकाचे होते, ही बाब इथे महत्त्वाची आहे: कापड जास्त खपले तर फायदा त्याचाच. पुढे परवान्यांचा धंदा वाढला. पिएर कार्दँ याने आपले नाव शेकडो वस्तूंना वापरू दिले. इव्ह सँ लोराँ याने १९६६ मध्ये तयार कपड्यांचे दुकान उघडले. बुसाकचा डबघाईला आलेला उद्योगसमूह १९८४ मध्ये बेर्नार आर्नो याने घेतला तो मुख्यतः त्यातल्या दिओर या नावासाठी. १९८७ मध्ये एलव्हीएमएच हा चैनीच्या वस्तूंचा समूह स्थापन झाला, आणि एका कारागिराच्या सहीचे रूपांतर शेअरबाजारातल्या मालमत्तेत पूर्ण झाले.

भारतात महाग वस्त्रांची परंपरा मोठी, पण ती गावाच्या नावाने ओळखली जाई: पैठणी, चंदेरी, बनारसी, महेश्वरी. विणकराचे नाव कोणी विचारत नसे. युरोपीय नावांशी संबंध आला तो संस्थानिकांमुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, यांनी शिफॉनची साडी प्रतिष्ठित घरांत रुळवली असे मानले जाते. इटलीच्या साल्वातोरे फेरागामोकडून पादत्राणे करवून घेताना त्यांनी जडवायला स्वतःचे हिरे-मोती पाठवले होते. डिझायनरच्या नावाने विकणारे दुकान आपल्याकडे आले ते ‘आँसाम्ब्ल’, मुंबईत, १९८७ मध्ये. आधीच्याच वर्षी दिल्लीत फॅशनचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली होती. १९९१ नंतर पगार वाढले, वाहिन्या आल्या, लग्ने फोटोंसाठी होऊ लागली, आणि शालूच्या जागी नाव असलेला लेहेंगा आला. आदित्य बिर्ला समूहाने २०२१ मध्ये सब्यसाची या पेढीचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले, त्यावरून नावाचे मोल लक्षात यावे.

या साखळीचे दुसरे टोक मुंबईतच आहे. भरतकामाच्या कारखान्यात लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवलेले असते. नक्षीच्या कागदाला सुईने बारीक भोके पाडून खाका तयार करतात, त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी बोळ्याने फिरवली की नक्षी कापडावर ठिपक्यांनी उतरते, आणि मग चौकटीच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले कारागीर आरीने, म्हणजे आकडीसारख्या सुईने, टिकली, मणी, दबका (गुंडाळलेली धातूची बारीक तार) भरत जातात. यात उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालहून आलेले पुष्कळ जण आहेत. पॅरिस आणि मिलानच्या पेढ्यांचे भरतकाम गेली कित्येक वर्षे असे इथे होते, पण ते उघड बोलले जात नसे. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह दाखवला आणि मुंबईच्या कारागिरांचे ऋण जाहीरपणे मान्य केले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे दाखवली तेव्हा मात्र कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्यांनी मूळ मान्य केले.

भरलेला तुकडा पूर्ण झाला की चौकटीवरून सोडवतात, उलट बाजूचे सुटे धागे कापतात आणि पातळ कागदात गुंडाळून पाठवतात. त्याचा पोशाख युरोपातल्या कार्यशाळेत शिवला जातो, आणि नावाची पट्टी तिथेच बसते.