पिकलबॉलचा चेंडू : इनडोअर आणि आउटडोअर

पिकलबॉल या जाळीवरून बॅटने खेळायच्या खेळात वापरला जाणारा पोकळ, सच्छिद्र प्लास्टिकचा चेंडू. खेळाचा उगम १९६५ मध्ये अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर झाला. अमेरिकी नियमांनुसार चेंडूचे वजन २२.१ ते २६.५ ग्रॅम, व्यास सुमारे ७.३ ते ७.५ सेंमी. आणि छिद्रे २६ ते ४० असावी लागतात.

इनडोअर चेंडूला बहुधा २६ मोठी छिद्रे असतात. तो मऊ आणि हलका असतो, बॅटवर क्षणभर जास्त टेकतो, त्यामुळे रॅली (चेंडूची सलग देवाणघेवाण) लांबते. आउटडोअर चेंडूला ४० बारीक छिद्रे असतात. तो कडक व किंचित जड असल्याने वाऱ्यात कमी भरकटतो आणि जोरात सुटतो. मात्र तडकतोही लवकर.

ग्रामीण विदर्भात निवड करताना डोक्यावरचे छप्पर पाहून फसगत होते. चारही बाजूंनी उघडी टिनाची शेड आणि खाली खरबरीत सिमेंट, ही जागा चेंडूच्या दृष्टीने मैदानच. तिथे वारा आरपार जातो आणि मऊ चेंडू घासून लवकर खराब होतो. म्हणून तिथे ४० छिद्रांचाच चेंडू घ्यावा. तालुका क्रीडा संकुलात बॅडमिंटनचा बंदिस्त, गुळगुळीत तळाचा हॉल असेल, तर २६ छिद्रांचा योग्य. पिकलबॉलचे कोर्ट दुहेरी बॅडमिंटनइतकेच, ४४ × २० फूट असल्याने तेथील आखणीही कामी येते. मुरमाच्या पटांगणावर मात्र कोणताच चेंडू धड उसळत नाही. त्यापेक्षा शेतातले सिमेंटचे खळे मोकळे असेल तेव्हा तिथे जाळी बांधलेली बरी.

हवामानाचा परिणाम इथे विशेष जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की प्लास्टिक नरम पडते आणि उसळी बिघडते. चेंडू उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नयेत. याउलट डिसेंबरच्या गारठ्यात, पहाटेच्या खेळात, कडक चेंडू पटकन तडकतो. चीर बारीक असली तर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजावरून कळते. माठ घेताना टिचकी मारून पाहतात तसा चेंडू जमिनीवर आपटून ऐकावा. आवाज बद्द आला तर तो बाजूला काढावा.

उसळीच्या अधिकृत चाचणीत १९८ सेंमी. उंचीवरून ग्रॅनाइटवर सोडलेला चेंडू ७६ ते ८६ सेंमी. उसळावा लागतो. घरच्या फरशीवर आकडे थोडे बदलतील, तरी नवा आणि जुना चेंडू एकाच उंचीवरून शेजारी-शेजारी सोडून पाहिले, तर कोणता निकामी झाला ते लगेच समजते.