ऑपरेशननंतर जन्मभर खाटेवरच? छे!
आमच्या फोंड्यात अजून ऐकायला मिळतं, की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या जुन्या गुठळ्या काढायचं ऑपरेशन झालं तरी हार्ट एकदा फुगलं ते फुगलंच, आता बसून राहा. चूक आहे हो! फुगतो तो उजवा कप्पा, कारण वाट अडलेली असते आणि त्याला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. गुठळ्या आतल्या अस्तरासकट सोलून काढल्या की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर उतरतं आणि तोच कप्पा बहुतेकांचा काही महिन्यांत आकसून बराचसा सुधारतो. चालायची ताकद हळूहळूच वाढते, पायही बसून ढिले पडलेले असतात ना; ती किती वाढली ते बघायला डॉक्टर ६ मिनिटं चालवून अंतर मोजतात. काहींचं थोडं प्रेशर उरतं, त्यांना औषध. रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्मभर. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण लगेच नको, पण मांडवीकाठी सपाटीवर डॉक्टर सांगतील तेवढं चालायचंच.