२४ बाय १८ कुठून आलं?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘सिंक दाखवा’ म्हणा. दुकानदार तुमचं घर, ओटा, माणसं यातलं काही न विचारता म्हणेल, ‘चोवीस-अठरा देऊ ना?’ आणि बहुतेक जण तेच घेऊन येतात. मापं इंचातच बोलायची. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा, पण प्लंबरच्या खिशातल्या टेपवर अजून इंचांचीच बाजू वर असते.

आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटांमधली सिंकं याहून लहान होती. सोळा-अठरा इंचांची, उथळ, ओट्याच्या टोकाला चिकटवल्यासारखी. एक कुकर आणि दोन ताटं ठेवली की भरली. ती बसवणाऱ्यांना भांड्यांचा अंदाज नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. त्या घरांत भांडी सिंकमध्ये घासली जातच नव्हती. ती मोरीत घासली जात.

मोरी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली चार बोटं उंचीच्या कठड्याची, शहाबादी फरशीची जागा. एका बाजूला उतार, भिंतीत पाणी जायला भोक. वाड्यात ती ऐसपैस असे. कोकणात भांडी बरेचदा मागीलदारी जात आणि ते पाणी पाटातून सरळ अळूला किंवा केळींना मिळे. बाई पाटावर किंवा उकिडवी बसे; शेजारी राखेचं डबडं, नारळाच्या शेंडीचा किंवा काथ्याचा चोथा, तांब्या-पितळेसाठी चिंच. समोर हंडा, तपेली, कढई, पराती. या पसाऱ्याला लांबी-रुंदीचं माप नव्हतं. जास्त भांडी झाली की कठड्याबाहेर सरकायची, एवढंच.

बसून घासण्यामागे सवय होती तसा पाण्याचाही हिशेब होता, आणि याकडे फारसं लक्ष जात नाही. कमरेच्या उंचीवर सिंक चालवायचं तर पाणी त्याहून वर हवं, तेही हवं तेव्हा. मुंबईत विहारचं पाणी नळाने आलं १८६० मध्ये, पण नळ आला म्हणजे चोवीस तास पाणी आलं असं नव्हे. ते ठरावीक वेळेला, कमी दाबाने यायचं. पिंपात भरून ठेवायचं आणि तांब्याने घ्यायचं. पिंप जमिनीवर, मग काम जमिनीवर. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा नळ प्रत्येक स्वयंपाकघरात पोचला तेव्हाच सिंकला अर्थ आला. हे झालं मुख्यतः सोसायट्यांच्या इमारतींमुळे. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आणि मालकी हक्काच्या सदनिकांचा १९६३ चा. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई, पुणे, नाशिकमध्ये जे ब्लॉक उभे राहिले, त्यांच्याबरोबर गच्चीवरची टाकी, उभ्याचा ओटा आणि सिंक हे त्रिकूट घराघरांत शिरलं.

त्याआधीचा टप्पा चाळीचा. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाट वस्त्या सुधारायला १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला, मग १९२० च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याच्या) चाळी आल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. एवढ्या जागेत मोरी म्हणजे दोन-अडीच फुटांचा कोपरा. सकाळी पडदा ओढून आंघोळ, दुपारी तिथेच भांडी, मध्येच तांदूळ धुणं. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या पिढीला नव्या घरात पहिली सोय हवी असायची ती वेगळ्या न्हाणीघराची. सिंकचा क्रमांक त्यानंतर कुठेतरी.

उभ्याने स्वयंपाक हीसुद्धा नवी गोष्ट होती. चूल, शेगडी, वातीचा स्टोव्ह हे सगळं जमिनीवरचं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्मा शेल या तेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली आणि पुढे तो पसरत गेला तशी शेगडी दोन-अडीच फूट वर चढली. युरोपात हा विचार आधीच झाला होता. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कोणत्या कामाला किती पावलं पडतात हे मोजून. आपल्याकडे कुणी पावलं मोजली नाहीत. ओटा आला तो कडप्प्याच्या फरशीने आणि गवंड्याच्या अंदाजाने.

शिवाय अडचण खरकट्याची होती. ज्या ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो त्याच ओट्यात उष्टी भांडी? कित्येक घरांत आजीने सिंक वापरू दिलं ते फक्त हात धुवायला, भाजी धुवायला आणि चहाचे कप विसळायला. तेवढ्या कामाला सोळा इंच पुष्कळ होते. लहान सिंकमागचं खरं कारण हे.

सुरुवातीची सिंकं कडप्प्याची, मोझॅकची किंवा पांढऱ्या चिनी मातीची. चिनी मातीवर पितळी पातेलं निसटलं की टवका उडालाच, कधी सिंकचा, कधी नुसता काळजाचा. स्टेनलेस स्टीलने हा प्रश्न सोडवला. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद घडवलं. आपल्याकडे तमिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यात स्टेनलेसचे पत्रे निघू लागले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच सुमाराला घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन स्टीलची घ्यायची लाट जोरात होती. कल्हईवाला दिसेनासा झाला. स्टीलला राख-चिंच लागत नाही, आणि बरंच झालं, कारण राख आणि काथ्याचे धागे मोरीच्या उघड्या भोकातून वाहून जात, पण सिंकखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, ते बसले की प्लंबरला बोलवावंच लागतं. १९९० च्या दशकात भांड्यांच्या साबणाची वडी सर्रास मिळू लागली आणि राखेचं डबडं गेलं. १९९४ मध्ये घरगुती स्टील सिंकसाठी वेगळं भारतीय मानकही निघालं, आयएस १३९८३.

आता ते २४ बाय १८. यातला अठरा आला ओट्याच्या रुंदीतून. कडप्पा असो की पुढे ग्रॅनाइट, ओटा दोन फूट रुंद, कारण मागच्या भिंतीवरच्या फळीपर्यंत हात त्याहून लांब पोचत नाही. या २४ इंचांतून पुढची पट्टी दोन-तीन इंच आणि मागे नळासाठी, पाणी पुसण्यासाठी तीन-चार इंच सोडले की उरतात अठरा. चोवीसचं गणित ओट्याच्या लांबीचं. सात-आठ फुटांच्या ओट्यावर गॅसला अडीच फूट, पोळ्या लाटायला आणि चिरायला तेवढंच, आणि उरलेल्यात सिंक. सुताराचं खालचं कपाटही सोयीने दोन फुटांच्या पटीत. सिंकची खोली ठरवली कारखान्यातल्या प्रेसने. एकाच पत्र्यातून दाबून वाडगा काढायचा तर पत्रा ताणला जातो, फार खोल गेलं की कोपऱ्यात पातळ होतो किंवा फाटतो. म्हणून त्या सिंकांचे कोपरे गोल आणि खोली सात-आठ इंच. हल्ली ‘हँडमेड’ म्हणून विकतात ती पत्रा दुमडून, कोपरे जोडून केलेली असतात. तिथे दहा इंच खोली सहज मिळते आणि काटकोनी कोपऱ्यात शेवयाही अडकतात.

आणखी एक गोम. २४ बाय १८ हे बाहेरचं माप. काठ वजा केला की आत साधारण २१-२२ बाय १५-१६ इंच उरतात. कागदावर फरक छोटा दिसतो, पण पाच लिटरचा कुकर दांड्यासकट सव्वा-दीड फूट भरतो.

सिंक मोठं व्हायला लागलं ते मोरी गेली म्हणून. पुण्याच्या फ्लॅटांत मोरीने नाव बदललं आणि ती ‘ड्राय बाल्कनी’ झाली. भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिथे बसून घासतात, दिवाळीच्या फराळाची कढई आणि इडलीचं मोठं पातेलं तिथे जातं. अशा घरात आत २४ बाय १८ काय, २१ बाय १८ सुद्धा चालतं. पण मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये, किंवा पुण्यातल्याच वन बीएचकेत, ती बाल्कनी वॉशिंग मशीनने खाल्लेली असते. मग सगळी भांडी ओट्यावर येतात आणि ३० बाय २० ची गरज पडते. घरात माणसं किती यापेक्षा मोठी भांडी कुठे घासली जातात, हे आधी विचारायला हवं. दुकानदार ते विचारत नाही.

दोन वाडग्यांच्या ४५ बाय २० सिंकबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती कल्पना जिथून आली तिथे बूच लावून एका वाडग्यात साबणाचं पाणी भरतात आणि दुसऱ्यात स्वच्छ पाण्यात विसळतात. आपण साचलेल्या पाण्यात भांडं विसळत नाही. साबण लावून बाजूला ठेवायचं आणि वाहत्या धारेखाली धरायचं, ही मोरीतलीच रीत. त्यामुळे दुसरा वाडगा चार दिवसांत उष्ट्या भांड्यांचा ढीग होतो, आणि परात दोन्हींपैकी कशातच मावत नाही.

सिंकच्या खोलीचंही असंच. अमेरिकेत ओटा ३६ इंच उंच असतो, त्यात दहा इंच खोल सिंक शोभतं. आपल्याकडे ओटा ३२ ते ३४ इंच. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ३८ इंचांच्या आसपास येतं. ३३ इंचांच्या ओट्यात दहा इंची सिंक बसवलं की तळ २३ वर जातो. म्हणजे रोज अर्धा तास कंबरेत वाकून उभं राहायचं. उकिडवं बसण्यात गुडघे जात, इथे पाठ जाते. आठ इंच खोली पुरते, थोडं पाणी उडालं तरी.

मोरी अगदीच पुसली गेलेली नाही. बाथरूममधलं पाणी जिथून जातं त्या जमिनीतल्या जोडणीला देशभरचे इंजिनिअर, अगदी मराठीचा गंध नसलेलेही, ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीघर गेलं, न्हाणी पाईपवाल्यांच्या तोंडी राहिली.

मध्ये एका दुकानात एक बाई पिशवीतून चक्क परात घेऊन आल्या होत्या, सोळा इंची, कणीक मळायची. दुकानदार हसला. त्यांनी ती २४ बाय १८ मध्ये ठेवून पाहिली. गोल कोपऱ्यांवर अडून ती तिरकी राहिली. मग २४ बाय २० काढायला लावलं, त्यात सपाट बसली. आठ इंच खोलीचंच द्या, म्हणाल्या, आणि परात परत पिशवीत घातली.