टॅग कोणत्या टोकाला? ऑर्डर देण्याआधी वाचावे

"तुमचे प्लाझ्मिड चालत नाही, पेशींवर काहीच चमकत नाही." असा निरोप आला की प्लाझ्मिडे (पेशीकडून हवे ते प्रथिन बनवून घेणारे गोल डीएनए) बांधून देणारे आम्ही आधी विचारतो, टॅग (प्रथिनाला जोडलेला छोटा तुकडा, ज्याला चमकणारी अँटिबॉडी चिकटते) कुठे मागितला होता आणि पेशींना डिटर्जंट (पटलाला भोके पाडणारे) दिले होते का? बहुतेक वेळा प्रथिन पेशीच्या पटलात नीट बसलेले असते, फक्त टॅग आतल्या बाजूला राहिलेला असतो. अखंड पेशीत अँटिबॉडी शिरत नाही, मग चमकणार काय?

इन्फ्लुएन्झा विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे एन-टोक (साखळीची सुरुवात) बाहेर असते. आत राहते ते जेमतेम 10-11 अमिनो आम्लांचे सी-टोकाचे (साखळीच्या शेवटाचे) शेपूट. म्हणून तुम्ही टॅग एन-टोकाला मागता, ते योग्यच. पण साखळीतल्या पहिल्या अमिनो आम्लाला, मेथिओनिनला, खेटून लावला तर तो सिग्नल पेप्टाइडच्या (प्रथिनाला पटलाकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) आधी येतो, आणि ते कापले गेले की टॅगही त्यासोबत जातो. टॅग त्या कापाच्या पुढे हवा. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच, तुमचाही आणि आमचाही. (हिमॅग्लुटिनिनवर एचए टॅग मागणारेही भेटतात. तो टॅग मुळात हिमॅग्लुटिनिनचाच तुकडा आहे, दुसरा निवडा.)

न्यूरॅमिनिडेज हे प्रथिनही त्याच विषाणूचे, पण बसते उलटे: एन-टोकाची 6 अमिनो आम्ले आत, डोके आणि सी-टोक बाहेर. पटलात रुतलेला भागच सिग्नलचे काम करतो आणि तो कापला जात नाही. गोवराच्या विषाणूचे एच प्रथिन असेच. इन्फ्लुएन्झाच्याच एम2 प्रथिनाची तऱ्हा तिसरीच: एन-टोक बाहेर, तरी कापले जाणारे सिग्नल पेप्टाइड नाही. त्यामुळे "मागच्यासारखेच करा" एवढ्यावर आम्ही काम सुरू करत नाही.

प्रथिन पुढे कधीतरी उलटेल, ही आशा सोडा. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीच्या आतली पोकळ जाळी, जिथे प्रथिन पटलात बसते) पोकळीत गेलेला भागच पेशीबाहेर दिसतो, आणि विषाणू अंकुरून सुटला की त्याच्याही बाहेरच राहतो.

फॉर्मवरचा "कोणते टोक बाहेर?" हा रकाना काहींना जाच वाटतो. रिकामा सोडलात तरी चालेल. तुम्ही पाठवलेल्या क्रमावर पटलातला भाग आणि कापाची जागा आम्ही खुणा करून देतो, वेगळे पैसे घेत नाही. तुमचा होकार आल्यावरच बांधणी सुरू होते. प्लाझ्मिडसोबत डिटर्जंटसह आणि डिटर्जंटशिवाय रंगवण्याची कृती येते. तक्रार लिहिण्याआधी दोन्ही करून पाहा.