दहा बाय दहाची खोली

दादानं नव्या फ्लॅटची थ्रीडी चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यातलं एक पुतणीच्या खोलीचं. फिकट जांभळ्या भिंती, ढगांच्या आकाराचं पीओपी, त्याच्या कडांमधून झिरपणारा रंग बदलणारा प्रकाश आणि भिंतीला लागून दुमजली बंक बेड. सगळं होतं, फक्त छताचा पंखा नव्हता. थ्रीडीत पंखा दाखवला की चित्र बिघडतं म्हणे. पुण्यात एप्रिल महिन्यात पंख्याशिवाय झोपणारं मूल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

त्या रविवारी टेप घेऊन आम्ही खोलीत उभे राहिलो. खोली 10 बाय 10. पंख्याचा हुक मधोमध, म्हणजे भिंतीपासून 5 फुटांवर. 48 इंची पंख्याचं पातं मध्यापासून 2 फूट येतं, म्हणजे टोक भिंतीपासून 3 फुटांवर फिरणार. आणि बेडची रुंदी? बरोबर 3 फूट. उंचीचा हिशोब तर याहून वाईट निघाला. पीओपी झाल्यावर छत 9 फुटांवर येणार, पाती 8 फुटांवर. वरच्या बेडची उंची गादीसकट सव्वापाच फूट. पुतणी सहा वर्षांची, पावणेचार फूट. गादीवर उभी राहिली की डोकं थेट पीओपीला. नुसतं बसून दोन्ही हात वर करून तिनं आळस दिला, तरी बोटं आठ फुटांच्या वर जाणार. असा पंखा मिनिटाला 350 च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे पात्याचं टोक ताशी जवळजवळ 80 किलोमीटर वेगानं धावत असतं, हायवेवरच्या गाडीसारखं. तेही गादीच्या कडेच्या अगदी वर.

अमेरिकेत बंक बेडवर ठळक सूचना असते: सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नका. कठड्याच्या फटीही तिथे साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या चालत नाहीत. झोपेत मूल पायाकडून सरकतं, अंग फटीतून निघून जातं आणि डोकं अडकतं, कारण लहानपणी अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं. आपल्याकडे बेड मिस्त्री बनवतो आणि फट त्याच्या नजरेच्या अंदाजानं ठरते. दादानं तिथेच बंक बेड रद्द केला. वहिनी दोन दिवस नीट बोलली नाही.

मग प्रकाशाचा विषय निघाला. या खोलीत माझा खरा जीव त्यातच होता.

डोळ्याच्या पडद्यावर दिसण्यासाठी दोन प्रकारच्या पेशी असतात, हे आपण शाळेत शिकलो: अंधुक उजेडासाठी दंडपेशी आणि रंगांसाठी शंकुपेशी. तिसरा प्रकार पुस्तकात नव्हता, कारण तो तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. 1998 मध्ये एका आफ्रिकन बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं. पुढे तेच आपल्या डोळ्यांतही निघालं. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या काही मोजक्या पेशींमध्ये ते असतं आणि या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं. या पेशी चित्र पाहत नाहीत. आत्ता दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो, म्हणजे साधारण निरभ्र आकाशाचा रंग. तो पडला की मेंदू दिवस समजतो आणि झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रोखून धरतो.

मुलांचा डोळा म्हणजे मोठ्यांच्या डोळ्याची छोटी आवृत्ती नव्हे. त्यांच्या बाहुल्या जास्त उघडतात आणि भिंग काचेसारखं नितळ असतं. वयाबरोबर भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश गाळू लागतं, तो गाळणारा पडदा मुलांकडे नसतोच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2018 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधीचा एक तास 1000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात खेळू दिलं. त्यांचं मेलाटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी खाली आलं आणि दिवा बंद केल्यावर 50 मिनिटांनीही ते पूर्ववत झालेलं नव्हतं. 1000 लक्स हा घरातल्या मानानं भरपूर उजेड, म्हणून 2022 मध्ये त्याच गटानं वेगवेगळ्या तीव्रतेचे दिवे वापरून पाहिले. तेव्हा 5 ते 40 लक्स इतक्या मंद उजेडातही मेलाटोनिन सरासरी तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं दिसलं. आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी याच्या कितीतरी पट उजेड असतो. मुलांची संख्या दोन्ही वेळा लहान होती हे खरं, पण एवढा मोठा परिणाम योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता दुकानात जा. बल्बच्या खोक्यावर ‘6500 के, कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं. हा आकडा केल्विनमधला आणि जरा उलटा वाटणारा: आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, लोकांच्या भाषेत ‘थंड’. आपल्याकडे पांढराशुभ्र उजेड म्हणजे चांगला उजेड असं ठरून गेलंय. बहुधा चाळीस वॉटच्या पिवळ्या बल्बखाली अभ्यास केलेल्या पिढीचा हा सूड असावा. रात्रीच्या खोलीला 2700 किंवा 3000 केल्विनचा पिवळसर दिवा पुरतो, तोही छताला नको, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड करून. मूल गादीवर आडवं पडलं की ते थेट छताकडेच बघत असतं, हे प्रकाशयोजना करणाऱ्यांच्या डोक्यात का येत नाही कळत नाही. स्वतः एकदा गादीवर आडवं पडून वर बघा, कुठला दिवा डोळ्यात घुसतो ते लगेच समजतं.

दिवसाचं गणित याच्या नेमकं उलट. सकाळी खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढा हवा. मात्र खोली कितीही उजळ असली तरी घरात काहीशे लक्स आणि बाहेर, अगदी सावलीतसुद्धा, कित्येक हजार. मुलांमधल्या लघुदृष्टीला आळा घालण्यासाठी तैवाननं 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख खाली वळला. म्हणून स्टडी टेबल खिडकीशी लावा, उजव्या हाताच्या मुलाला उजेड डावीकडून येईल असं बघा, पण त्या टेबलाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पुढचा प्रश्न वासाचा. नव्या फर्निचरचा जो वास लोकांना आवडतो, त्यात फॉर्माल्डिहाइडचा वाटा असतो. प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ चिकटवायला स्वस्त म्हणून युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ही राळ थोडी थोडी फुटते आणि वायू बाहेर पडत राहतो. त्यामुळे मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जूनमध्ये तेच कपाट कोरड्या हिवाळ्यापेक्षा जास्त वायू सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. एका कपाटानं घाबरून जावं असं नाही, पण मूल वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं आणि याच खोलीत नऊ-दहा तास झोपतं. मिस्त्रीला दोन गोष्टी सांगता येतात. एक, बोर्ड ई-झिरो किंवा ई-वन प्रतीचा, म्हणजे कमी वायू सोडणारा आण आणि त्यावरचा शिक्का दाखव. दुसरी, कपाटाची पाठ आणि तळ उघडे ठेवू नकोस. दर्शनी बाजूला महागडा सनमायका आणि मागे नागडा बोर्ड, हा आपल्याकडचा रिवाज. पण वायू नेमका त्या उघड्या बाजूंनी आणि कापलेल्या कडांतूनच येतो. तिथे लायनर लॅमिनेट, म्हणजे आतल्या बाजूचा साधा सनमायका, आणि कडांना एजबँडची पट्टी लावायला लागते, खर्च फार नाही.

यावर एसी लावला की सगळं आत कोंडतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच थंड करून परत फेकतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण 420 असतो. दारं-खिडक्या गच्च लावून दोघं झोपले, तर पहाटेपर्यंत तो 2000 च्या पुढे सहज जातो. बोटभर उघडी खिडकी किंवा किलकिलं दार पुरतं. वहिनीनं मात्र यावर उपाय म्हणून नर्सरीतून स्नेक प्लांटच्या तीन कुंड्या आणल्या होत्या. झाडं खोलीतली हवा, म्हणजे फॉर्माल्डिहाइडसारखे वायू, साफ करतात ही कल्पना 1989 मध्ये नासानं बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून पसरली. 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. कुंड्या छान दिसतात, राहू द्यात.

रंगाचं थोडक्यात. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत 90) जास्त नको, असा भारतात नियम झाला तो 2016 मध्ये आणि लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. नवा डबा घेताना ते बघता येतं. जुन्या घरात धोका वेगळा, खिडकीच्या गजांवरच्या जुन्या ऑइल पेंटचा. पॉलिश पेपरनं ते कोरडं घासलं की शिसं धूळ होऊन घरभर बसतं. घासायचंच तर ओलं करून, आणि मूल घरात नसताना.

राहिला खणांचा उंच कप्पा, म्हणजे चेस्ट ऑफ ड्रॉवर्स, ऑनलाइन मागवलेला. मुलांना ओढलेले खण पायऱ्यांसारखे दिसतात. सगळे खण एकदम बाहेर आले की वजनाचा मध्य पुढच्या पायांच्याही पुढे सरकतो आणि वर मूल चढलेलं असलं तर कप्पा त्याच्यासकट कोसळतो. लहान मुलांच्या मृत्यूंनंतर आयकियानं 2016 मध्ये अमेरिकेतून असे सुमारे 2 कोटी 90 लाख कप्पे परत मागवले होते. आमच्या कप्प्याच्या खोक्यात भिंतीला अडकवायची पट्टी होती, पण जोडणी करणारा मुलगा ती तशीच सोडून गेला. दादानं ड्रिल मारून, गिट्टी ठोकून, दोन एल अँगल लावले. पाच मिनिटांचं काम.

या सगळ्यात खोलीच्या मालकिणीला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तिला हवं होतं ते इतकंच: अंधारात चमकणारे तारे. दिवसाचा उजेड साठवून तो हळूहळू सोडणारी स्ट्रॉन्शियमची संयुगं त्यात बहुतेकदा असतात. त्यांचा हिरवट उजेड इतका मंद की लक्समीटरवर आकडा हलत नाही. शंभर रुपयांचं पाकीट आलं. ज्या ठिकाणी बंक बेड येणार होता, तिथे आता बुटका दिवाण आहे आणि त्याच्यावर, पंख्यापासून लांब, सप्तर्षी चिकटवलाय. त्यातला एक तारा चुकलाय, आठ झालेत. कपाटाचा वास जाईपर्यंत खिडकी उघडी आहे, आणि पुतणी अजून आजीपाशीच झोपते.