मोठेपणी वाचायला शिकताना फोनचे काम कोणते?

'परवानगीशिवाय आत येऊ नये.' प्रौढ साक्षरता वर्गात काही महिने नियमाने येणारी एक व्यक्ती ही पाटी वाचते आहे असे समजा. प-र-वा-न-गी असे एकेक अक्षर उच्चारत ती 'शि'पाशी अडखळते, मागे जाते, पुन्हा सुरुवात करते आणि कशीबशी 'नये'पर्यंत पोचते. सगळी अक्षरे बरोबर आली. आता पाटीवर काय लिहिले आहे ते विचारले, तर सांगता येत नाही. हीच सूचना तोंडी दिली असती तर क्षणात कळली असती.

अडते ते वेगापाशी. हातातले काम होईपर्यंत गोष्टी लक्षात धरून ठेवणारी जी कार्यकारी स्मृती असते, ती फार तोकडी. एका वेळी साधारण चार गोष्टी तिच्यात मावतात आणि काही सेकंदांत पुसल्याही जातात. सराईत वाचकासाठी 'परवानगी' ही एक गोष्ट असते, नवशिक्यासाठी पाच. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून निसटलेली असते. हेलन अबाद्झी या अभ्यासक बरीच वर्षे याकडे लक्ष वेधत आल्या आहेत. मोठेपणी साक्षर झालेली माणसे अनेकदा वर्षानुवर्षे अक्षर-अक्षर लावतच वाचतात आणि मग कंटाळून वाचणे सोडून देतात. अशी माणसे साक्षरांच्या यादीत असतात, पण वाचत नाहीत.

म्हणजे वाचायला शिकण्यात दोन वेगवेगळी कामे आहेत. एक, अक्षर आणि ध्वनी यांचे नाते उमगणे. दुसरे, ते नाते इतके अंगवळणी पडणे की त्याचा विचारच करावा लागू नये. पहिल्यासाठी समोर माणूस लागतो. दुसऱ्यासाठी लागतो भरपूर, थोडा-थोडा आणि रोजचा सराव, आणि आठवड्यातून दोन-तीनदा भरणाऱ्या वर्गात नेमका तोच होत नाही. वर्ग आणि ऑनलाइन शिक्षण यांची सांगड, म्हणजे ज्याला मिश्र पद्धत किंवा ब्लेंडेड लर्निंग म्हणतात ते, प्रौढ साक्षरतेत उपयोगी पडते ते या कारणाने. अर्धे तास वर्गात आणि अर्धे फोनवर अशी हिशेबी वाटणी करून मात्र काही साधत नाही.

आधी एक शंका निकालात काढू. 'या वयात आता काय डोक्यात शिरणार?' हे वाक्य शिकणारेच जास्त म्हणतात. स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत काही निरक्षर होते, काही लहानपणी शाळेत गेलेले, तर काही मोठेपणी वाचायला शिकलेले. वाचनामुळे मेंदूत होणारे बहुतेक बदल या तिसऱ्या गटातही दिसले. डाव्या बाजूचा, लिखित शब्द ओळखणारा भाग त्यांच्यातही अक्षरांना प्रतिसाद देत होता. २०१७ मध्ये लखनऊजवळच्या गावांतल्या प्रौढांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने देवनागरी शिकल्यावर त्यांच्या मेंदूत दृष्टीशी संबंधित भागांमधला ताळमेळ बदललेला आढळला, अगदी खोलवरच्या थॅलॅमस या भागापर्यंत. तेव्हा वयाची सबब चालत नाही. वेळ जास्त लागतो, हे मात्र खरे.

आता पहिले काम, म्हणजे उमगण्याचे. जोझे मोराइश आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना एक साधा वाटणारा खेळ दिला: ऐकलेल्या शब्दातला पहिला ध्वनी गाळून उरलेले म्हणायचे, किंवा आधी एखादा ध्वनी जोडायचा. बहुतेकांना ते जमेना. त्याच थरातल्या, पण मोठेपणी साक्षर झालेल्या लोकांना ते बऱ्यापैकी जमले. शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला असतो ही जाण वयाबरोबर आपोआप येत नाही. ती अक्षरे शिकताना येते. वाचता येणाऱ्याला हे पटतच नाही, कारण वाचता न येण्याची अवस्था त्याला आठवत नसते.

देवनागरीत ही अडचण जोडाक्षरांपाशी येऊन ठेपते. 'र'च पाहा. 'सूर्य'मध्ये तो वर रफार होऊन बसतो, 'क्रम'मध्ये तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली काकपद होतो. त्यातही रफार लिहायचा 'य'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा 'य'च्या आधी! शिकणारा 'सूय्र' वाचतो तेव्हा तो डोळ्यांशी प्रामाणिक असतो. इथे चांगली शिक्षिका काय करते? 'सूर्य' संथपणे म्हणते, 'र्' वर जीभ थांबवून दाखवते, मग शिकणाऱ्याला म्हणायला लावते, त्याच्या ओठांकडे बघते आणि चूक ऐकण्याची आहे की बघण्याची, हे ताडते. दोन्ही चुकांवरचा उपाय निराळा असतो. ॲपला बहुधा एवढेच कळते की उत्तर चुकले.

अक्षर गिरवण्याचेही तसेच. मारीके लाँकां यांच्या गटाने २००६ मध्ये प्रौढांना अनोळखी अक्षरे शिकवली. काहींनी ती हाताने लिहिली, काहींनी कळफलकावर टंकली. काही आठवड्यांनी अक्षर सुलटे कोणते आणि आरशातले कोणते, हे हाताने लिहिणाऱ्यांना अधिक चांगले ओळखता येत होते. त्यामुळे स्क्रीनवर बोटाने चित्र निवडायला लावून लेखन 'झाले' म्हणणाऱ्या ॲपवर माझा विश्वास नाही. वही-पेन्सिल वर्गात राहायलाच हवी.

दुसऱ्या कामाला मात्र फोन तोडीस तोड आहे, किंबहुना सरसच. शिकलेले किती भरभर विसरते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मोजले. अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यानंतर पुन्हापुन्हा सिद्ध झाले आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगाने त्यात भर घातली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. वीस जणांच्या वर्गात कोणाला कोणते अक्षर कधी पुन्हा विचारायचे, हे शिक्षिकेच्या लक्षात राहणे अशक्य. यंत्राला ते सहज जमते: ज्याला 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ होतो त्याला तेच दोन, आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात. शिवाय यंत्र कंटाळत नाही, आणि चाळिशीतल्या माणसाला लोकांसमोर चुकण्याची जी लाज वाटते ती फोनसमोर वाटत नाही. ही दुसरी गोष्ट कमी लेखू नये.

प्रत्यक्षात याचा उपयोग होतो का? जेनी एकर आणि सहकाऱ्यांनी नायजर या देशातल्या गावांत हे तपासले. सगळीकडे प्रौढांचे नेहमीचे साक्षरता वर्ग होते. चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे काही गावांत वर्गाबरोबर साधे मोबाइल वापरायलाही शिकवले गेले. स्मार्टफोन नाहीत, ॲप नाहीत, फक्त आकडे आणि लघुसंदेश. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फोनवाल्या गावांतल्या शिकणाऱ्यांचे गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेले आहेत याच्या मापाच्या) ०.१९ ते ०.२५ पट जास्त होते. वर्ग संपून सात महिने झाल्यावरही त्यांचे गणिताचे गुण वरचढ राहिले. मला यातली मजा अशी वाटते की फोनने त्यांना धडे दिलेच नाहीत. त्याने वाचण्या-लिहिण्यासाठी निमित्त दिले: कोणाचा तरी संदेश आला आहे आणि उत्तर द्यायचे आहे.

उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मिश्र पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस ठरली. ते अभ्यास प्रामुख्याने प्रौढ साक्षरतेचे नव्हते. आणि अहवालातच म्हटले आहे की मिश्र पद्धतीत शिकणाऱ्यांना अनेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालेले होते. श्रेय तंत्रज्ञानाचे की वाढीव वेळेचे, हे वेगळे करणे कठीण. साक्षरतेच्या बाबतीत मी म्हणेन, वेळेचे असले तरी बिघडले कुठे? तो वाढीव वेळ वर्ग देऊ शकत नव्हता.

एक विचित्र पेच मात्र मोठ्या उत्साहाने बनवलेल्या ॲपना हमखास नडतो. वाचायला शिकवणारे ॲप उघडायला वाचता यावे लागते. नोंदणी, पासवर्ड, ओटीपी, 'अटी मान्य आहेत'. मजकूर काढून चित्रे टाकली तरी प्रश्न सुटत नाही. इंद्राणी मेढी यांच्या संशोधनात दिसले की कमी शिकलेल्या लोकांना एकात एक दडलेले मेन्यू, अगदी चित्रांचे असले तरी, अवघड जातात. वर्गवारीच्या आत वर्गवारी, ही सवयही बरीचशी शाळेतून येते. त्यापेक्षा एकच सपाट यादी आणि प्रत्येक गोष्टीला आवाज, हे बरे. पहिले काही दिवस फोन हाताळण्याचा सराव वर्गातच करून घ्यावा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, घरातल्या कोणाच्या हातातून सुटेल तेव्हा मिळतो, त्यांच्यासाठी धडे पाच मिनिटांचे आणि इंटरनेटविना चालणारे हवेत. जगातल्या सुमारे ७५ कोटी निरक्षर प्रौढांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही.

सांगड खरी बसते ती दोन्हींमध्ये माहिती ये-जा करते तेव्हा. आठवड्याच्या सरावात कोणी कुठे अडले याची एक छोटी यादी वर्गाआधी शिक्षिकेच्या हाती पडली, तर तिचा पहिला अर्धा तास रफारावर जाईल की 'घ-ध'वर, हे ती ठरवू शकते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ॲप आणि वर्ग एकमेकांना ओळखतही नाहीत. ॲपवर वेगळा क्रम, पुस्तकात वेगळा, आणि शिकणारा दोन्हीकडे नवशिका.

आणि शिकणारा येणे थांबला तर? प्रौढ वर्गांत गळती हा नेहमीचा रोग. नायजरमध्येच एकर आणि क्रिस्टोफर क्सोल यांनी आणखी एक प्रयोग केला. काही गावांत दर आठवड्याला शिक्षकांना आणि शिकणाऱ्यांना फोन करून एवढेच विचारले जाई: वर्ग भरला का, किती जण आले? वेगळे बक्षीस नाही की दंड नाही. तरी त्या गावांतले गुण वाढले. मिश्र पद्धतीचा आराखडा करताना ॲपच्या खर्चाशेजारी या फोनचा खर्चही मांडायला हवा, विशेषतः ज्या महिन्यांत कामाच्या धबडग्यामुळे वर्ग बंदच असतो त्या महिन्यांसाठी.