सिस्टरांना आधी कसं कळतं?

समजा, पोटाची शस्त्रक्रिया होऊन सहा तास झालेत. रुग्णाचा रक्तदाब मघाशी १२०/८० होता, आता ११४/९० आहे. नाडी ८४ वरून १०८ वर गेली आहे. नुकतीच रुजू झालेली नर्स रक्तदाबाचा वरचा आकडा बघते. तो शंभराच्या वर आहे म्हणून तिला हायसं वाटतं. नाडी दुखण्यामुळे वाढली असेल असं धरून ती चार्ट भरते आणि पुढच्या खाटेकडे वळते. याच रुग्णाजवळ दहा वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेली सिस्टर आली, तर ती आधी चादर बाजूला करून त्याच्या पावलांना हात लावते. पावलं गार आहेत. तो सारखी कूस बदलतोय, पाणी मागतोय. ती ड्रेसिंग बघते, लघवीच्या पिशवीत तासाभरात किती भर पडली ते बघते आणि डॉक्टरांना फोन लावते: "सर, पेशंट आतून ब्लीड होतोय असं वाटतंय. तुम्ही लगेच या."

शरीरात रक्त कमी होऊ लागलं की शरीर आधी ते लपवतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून पावलं गार पडतात. हृदय जास्त वेगानं धावतं. आवळलेल्या वाहिन्यांमुळे रक्तदाबाचा खालचा आकडा चढतो, वरचा जवळपास तिथेच राहतो आणि दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतं. इथे ते ४० वरून २४ वर आलं आहे. धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगातलं साधारण ३० टक्के रक्त, म्हणजे दीड लिटरच्या आसपास, जाईपर्यंत वरचा आकडा तग धरू शकतो. तो कोसळेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो.

हे सगळं नव्या नर्सलाही माहीत असतं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या परीक्षेत तिनं शॉकच्या, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून शरीर कोलमडत जाण्याच्या, पायऱ्या व्यवस्थित लिहिलेल्या असतात. मग खाटेजवळ उभं राहिल्यावर दोघींना वेगवेगळं का दिसतं?

हा प्रश्न अमेरिकेतल्या परिचर्या संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी गंभीरपणे घेतला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टुअर्ट आणि ह्यूबर्ट ड्रायफस हे दोन भाऊ शिकवत होते. माणूस कौशल्य कसं कमावतो याचा एक पाच टप्प्यांचा आराखडा त्यांनी १९८० मध्ये मांडला होता. त्यांच्यासमोर होते वैमानिक आणि बुद्धिबळपटू. बेनर यांनी तो आराखडा वॉर्डात नेला. एकाच प्रसंगात हजर असलेल्या नवशिक्या आणि अनुभवी नर्सशी त्या वेगवेगळ्या बोलल्या, कामावर असलेल्या नर्सचं निरीक्षण केलं, आणि १९८४ मध्ये ते सगळं पुस्तकरूपात आणलं. नर्सचं ज्ञान म्हणजे डॉक्टरांच्या ज्ञानाची पातळ आवृत्ती, असं मानण्याच्या काळात त्यांनी ठामपणे सांगितलं की वॉर्डातल्या कामातच एक स्वतंत्र ज्ञान तयार होतं, आणि ते कुणी नीट लिहूनच काढलेलं नाही.

नवशिकी नर्स नियमांवर चालते. नाडी इतकी झाली की कळवायचं, तापमान इतकं झालं की कळवायचं. यात कमीपणा काही नाही, सुरुवातीला दुसरा आधारच नसतो. पुढच्या टप्प्यावर काही रुग्ण बघून झालेले असतात, त्यामुळे पुस्तकात नसलेल्या खुणा ओळखू येतात. पण सगळ्याच गोष्टी सारख्या महत्त्वाच्या वाटतात. चार कामं एकदम आली की आधी कोणतं करावं ते सुचत नाही.

तिसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं झाली की नर्स स्वतः ठरवू लागते: या खाटेकडे आधी जायचं, ते इंजेक्शन दहा मिनिटं थांबेल. निर्णय तिचा असल्यामुळे परिणामही तिला लागतो. रुग्ण सुधारला तर समाधान वाटतं, बिघडला तर घरी गेल्यावरही 'काय राहिलं?' हे डोक्यात घोळत राहतं. ड्रायफस बंधूंचं म्हणणं असं की ही भावनिक गुंतवणूक शिकण्याच्या आड येत नाही, उलट तिच्यामुळेच शिकणं पुढे सरकतं. 'मी नियम पाळला, पुढचं माझं काम नाही' असं म्हणून जो अलिप्त राहतो, तो तिथेच अडकतो. नव्या नर्सला 'फार मनाला लावून घेऊ नकोस' असं सांगताना हे लक्षात असायला हवं. तिला धीर द्यावा, पण तिची काळजी मारू नये.

चौथ्या टप्प्यावर सुटे आकडे मागे पडतात आणि रुग्ण अख्खा दिसतो. या अवस्थेत या रुग्णानं कसं असायला हवं याचं चित्र मनात तयार असतं, आणि ते बिघडलं की आधी तेच खुपतं. पाचव्या टप्प्यावर त्या चित्राबरोबर काय करायचं तेही सुचतं. वर्षं भरली म्हणून सगळेच इथवर पोचत नाहीत, हेही बेनर यांनी स्पष्ट केलं होतं.

यात चमत्कार नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळपटूंना काही सेकंद पट दाखवला आणि आठवणीतून सोंगट्या मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातला पट असेल तर निष्णात खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडायचा. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात दांडगी नव्हती. त्यानं हजारो खरे डाव पाहिले होते, आणि त्यांचे आकृतिबंध त्याच्या मनात बसले होते.

नर्सच्या बाबतीत असंच काहीसं नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दिसलं. संशोधक बेथ क्रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी नर्सना विचारलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग होतोय हे तुम्हाला कसं कळतं? पहिलं उत्तर असायचं, 'कळतं, बस!' मग एकेक प्रत्यक्ष प्रसंग घेऊन, तेव्हा काय पाहिलं, आधी काय होतं, हात लावल्यावर कसं वाटलं, असं खोदून विचारल्यावर खुणांची यादीच बाहेर आली. त्यातल्या काही खुणा तोवर वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्याच नव्हत्या. १९९३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ही माहिती नव्या नर्सना शिकवता येते, फक्त ती मिळवण्यासाठी कुणीतरी आधी सिस्टरांना विचारावं लागतं.

अर्थात आतून येणारा प्रत्येक आवाज खरा नसतो. बेनर यांच्या मांडणीवर टीका झाली ती याच मुद्द्यावर. गॅरी क्लाइन हे अनुभवी माणसांच्या अंतर्ज्ञानाचे पाठीराखे, तर डॅनिएल काह्नेमन त्याचे टीकाकार. या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहून दोन अटी मांडल्या. कामात काही नियमितपणा असला पाहिजे, म्हणजे खूण आणि परिणाम यांचं नातं टिकाऊ हवं. आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे कळण्याची पुरेशी संधी मिळाली पाहिजे. दुसरी अट पुरी झाली नाही तर वीस वर्षांच्या नोकरीतून नुसता आत्मविश्वास वाढतो.

आपल्याकडच्या रुग्णालयांत या दोन्ही गोष्टींकडे दुर्लक्ष होतं, असं माझं मत आहे. एक म्हणजे वॉर्ड बदलण्याची पद्धत. सर्जिकलची मुरलेली अधिपरिचारिका उद्या बालरोग विभागात पाठवली की ड्युटीचा तक्ता पूर्ण भरतो, पण तिच्या मनातले आकृतिबंध तिथे लागू पडत नाहीत. ओळखीच्या नसलेल्या प्रकारच्या रुग्णांमध्ये अनुभवी नर्सही पुन्हा नवशिकी होते, हे बेनर यांनी चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. मनुष्यबळ कमी असताना बदल्या टळणार नाहीत, पण तेव्हा तिला 'सीनिअर आहे, जमेल' म्हणून एकटं सोडू नये.

दुसरी गोष्ट खुणेचा परिणाम कळण्याची. आपली नर्स रात्री ज्याच्यासाठी धावते, तो रुग्ण आयसीयूत हलवला जातो आणि तिच्या नजरेआड होतो. आतून रक्तस्राव निघाला, की नाडी खरोखर दुखण्यामुळेच वाढली होती? तिला कुणी कळवत नाही. ती विचारायला गेली तर त्या वॉर्डात तिचं काम नसतं. हे बदलायला नवं यंत्र लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. परिसेविकेनं, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरनं, दुसऱ्या दिवशी त्या खाटेची चौकशी करावी, आणि ड्युटी बदलताना सगळ्यांसमोर पाच मिनिटं त्यावर बोलावं: काय दिसलं, काय वाटलं, शेवटी काय निघालं. अंदाज चुकला असेल तर तोही सांगावा, ओरडा न देता. आणि नवी नर्स पावलं गार आहेत म्हणून रात्री दोनला फोन करत असेल, तर पलीकडच्या डॉक्टरांनी तिला आधी आकडे विचारावेत, मग पावलांबद्दलही विचारावं.